जोडीच्या गोळीची कसोटी

स्किझोफ्रेनिया, म्हणजे आपल्या जुन्या मानसशास्त्रीय ग्रंथांतील छिन्नमनस्कता, या व्याधीने घेरलेल्या तरुण मुलाला घेऊन जे आईबाप मानसोपचारतज्ज्ञाच्या दारी येतात, त्यांची पहिली तक्रार बहुधा कानांत ऐकू येणाऱ्या आवाजांची, कुणीतरी आपल्या जिवावर उठले आहे या अढळ संशयाची आणि भीतीने जागून काढलेल्या रात्रींची असते; परंतु औषध सुरू होऊन काही महिने लोटले, आवाज मंदावले, संशय ओसरला, म्हणजे त्याच आईबापांची कैफियत पालटते, आणि ती अशी होते की, मुलगा आता आरडाओरडा करीत नाही हे खरे, पण तो आंघोळीलाही उठत नाही, जुन्या मित्रांची चौकशी करीत नाही, ताटात आवडीचा पदार्थ वाढला तरी त्याच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही, आणि काय होते म्हणून विचारले तर ‘काही नाही’ एवढेच सांगून कुशीवर वळतो. घरातील वडीलधारी माणसे याला आळस म्हणतात, शेजारीपाजारी गोळ्यांना दोष देतात, आणि गोळ्यांनी सुस्ती येते यात तथ्यही असते; पण इच्छा, भावना आणि संभाषण यांना लागलेली ही ओहोटी मूळ रोगाचाच भाग आहे. वैद्यक तिला ऋण लक्षणे म्हणते, आणि आज उपलब्ध असलेल्या औषधांचा इलाज नेमका इथेच तोकडा पडतो.

‘डॉक्टर, याच्या अंगात उभारी येईल असे काहीतरी जोडीला द्या,’ ही विनंती मग ओघानेच येते. ती भाबडी समजून बाजूला सारणे मला अन्यायाचे वाटते, कारण जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांनी गेल्या ७० वर्षांत हीच विनंती वेगळ्या परिभाषेत पुनःपुन्हा मांडली आहे. मुख्य औषध चालू ठेवून त्याच्या जोडीला क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व, गिंको वृक्षाच्या पानांचा अर्क किंवा एन-ॲसिटिल सिस्टीन यांसारखे एखादे अँटिऑक्सिडंट द्रव्य दिले असता रोग्याचे मन अधिक सावरते काय, हा तो प्रश्न. त्याच्या उत्तरासाठी जे श्रम झाले, ज्या आशा बांधल्या गेल्या, आणि त्या आशांची जी छाननी झाली किंवा व्हायची राहिली, त्यांचा हा वृत्तांत आहे. आणि त्यात पुणे व नागपूर या शहरांचा जो वाटा आहे तो मराठी वाचकांपर्यंत फारसा पोहोचलेला नसल्यामुळे तो अंमळ सविस्तर सांगण्याचा माझा हेतू आहे.

मुख्य औषधांचा इतिहास थोडक्यात आटोपता येईल. १९५२ साली पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात झां दले आणि पिएर देनिकेर यांनी क्लोरप्रोमाझीन या औषधाचा प्रयोग केला, आणि ज्या रोग्यांना तोवर कोंडून ठेवण्यापलीकडे उपाय नव्हता ते शांत होऊन बोलू लागले. पुढे हॅलोपेरिडॉल, क्लोझापीन, रिस्पेरिडोन, ओलान्झापीन अशी औषधांची मालिका आली. पण मेंदूतील डोपामाइन या संदेशवाहक द्रव्याच्या कार्याला आवर घालणे हा सर्वांचा समान धर्म राहिला, आणि अगदी वेगळ्या मार्गाने काम करणाऱ्या झॅनोमेलिन-ट्रोस्पियम या औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळण्यास २०२४ चा सप्टेंबर उजाडावा लागला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे २ कोटी ४० लाख माणसे या व्याधीने ग्रस्त आहेत, आणि त्यांपैकी साधारणपणे एक तृतीयांश रोग्यांना नेहमीच्या औषधांचा पुरेसा गुण येत नाही. जोडीच्या गोळीचा शोध या उणिवेतून सुरू झाला.

हा शोध अँटिऑक्सिडंटांकडेच का वळला, हे समजण्यासाठी मेंदूच्या घडणीकडे पाहिले पाहिजे. मनुष्याच्या मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या अवघे २ टक्के असते, परंतु स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीराला जो प्राणवायू लागतो त्यातला सुमारे २० टक्के हा एकटा अवयव खर्च करतो; आणि प्राणवायूच्या वापरातून जशी ऊर्जा निर्माण होते तशीच काही अस्थिर, दिसेल त्या रेणूवर झडप घालणारी संयुगेही निर्माण होतात, ज्यांना रसायनशास्त्रात मुक्त मूलके म्हणतात. त्यांच्या झडपेत प्रथम सापडतात ती मज्जापेशींची आवरणे, कारण ही आवरणे ज्या असंतृप्त मेदाम्लांची बनलेली असतात त्यांची प्राणवायूशी फार लवकर प्रक्रिया होते. उघड्या बरणीत राहिलेले शेंगदाण्याचे तेल ज्या क्रियेने खवट होते, त्याच जातीची ही क्रिया आहे. तिला रोखण्यासाठी शरीराने आपला बंदोबस्त करून ठेवलेला असतो: ग्लुटाथायोन नावाचा लहानसा रेणू पेशीपेशीतून पहारा करतो, आहारातून येणारी क आणि ई जीवनसत्त्वे त्याला साह्य करतात, आणि सुपरऑक्साइड डिसम्युटेजसारखी विकरे मूलकांना निष्प्रभ करतात. हे विकर जो मॅकॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी १९६९ साली ओळखले, आणि तेव्हापासून ऑक्सिडीकरणाचा ताण हा विषय जीवरसायनशास्त्राच्या केंद्रस्थानी आला. स्किझोफ्रेनियाच्या रोग्यांत हा बंदोबस्त ढिला पडलेला असतो काय, आणि असल्यास बाहेरून कुमक पाठवून तो सावरता येईल काय, हे दोन प्रश्न त्यानंतर अपरिहार्यच होते. ते दोन आहेत, एक नव्हे, हे मात्र वाचकाने ध्यानात ठेवावे. कारण पहिल्याचे उत्तर होकारार्थी आले म्हणजे दुसऱ्याचेही तसेच येणार, या समजुतीने या क्षेत्रात पुष्कळ गोंधळ झाला आहे.

या कल्पनेचे मूळ मात्र १९६९ च्याही मागे जाते. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात वेबर्न येथे मनोरुग्णांचे एक अवाढव्य रुग्णालय होते, आणि १९५१ साली इंग्लंडहून तेथे आलेल्या हंफ्री ऑस्मंड यांनी एब्रम हॉफर यांच्या साह्याने असे अनुमान बांधले की, रोग्याच्या शरीरात ॲड्रिनलिनचे ऑक्सिडीकरण होऊन ॲड्रिनोक्रोम नावाचे द्रव्य तयार होते आणि तेच मनाला भ्रमिष्ट करते. उपाय म्हणून त्यांनी निकोटिनिक आम्ल, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, दिवसाला ३ ग्रॅम इतक्या मोठ्या मात्रेत दिले, आणि जोडीला क जीवनसत्त्वाचाही उपयोग केला. त्यांचा हा विश्वास निराधार नव्हता. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतील वेड्यांची इस्पितळे एके काळी पेलाग्रा या पोषणाभावाच्या रोगाने बुद्धिभ्रंश झालेल्या माणसांनी भरलेली असत, आणि १९३७ साली कॉनराड एल्वेजेम यांनी निकोटिनिक आम्लाचा गुण दाखवून दिल्यावर हे रोगी शुद्धीवर येऊन घरी जाऊ लागले होते. आपल्या दख्खनच्या पठारावर ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गोरगरिबांतही पेलाग्रा आढळत असे, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. सी. गोपालन यांनी त्याची केलेली मीमांसा वैद्यकीय जगतात सुपरिचित आहे. तेव्हा एका जीवनसत्त्वाने वेड बरे होऊ शकते हा अनुभव खराच होता. तो स्किझोफ्रेनियालाही लागू आहे एवढेच सिद्ध व्हायचे होते.

ते सिद्ध झाले नाही. हॉफर आणि ऑस्मंड यांनी आपल्या पहिल्या प्रयोगातच चिठ्ठ्या टाकून रोग्यांचे गट पाडण्याची आणि कोणाला काय दिले हे गुप्त ठेवण्याची शिस्त पाळली होती, आणि मानसोपचाराच्या क्षेत्रात ती त्या काळी अपूर्वच होती. नोबेल पारितोषिकाचे मानकरी लायनस पॉलिंग यांनी १९६८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात लेख लिहून या विचाराला आपल्या नावाचे वजनही दिले. परंतु कॅनडातील इतर संशोधकांनी केलेल्या पडताळ्यात ब-३ जीवनसत्त्वाचा लाभ दिसून आला नाही, आणि अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने नेमलेल्या समितीने १९७३ साली आपल्या अहवालात या उपचाराविरुद्ध स्पष्ट निर्णय दिला. हॉफर यांना तो कधीच मान्य झाला नाही. २००९ साली देहावसान होईपर्यंत ते आपल्या मताला चिकटून राहिले. या प्रकरणाचा एक दुष्परिणाम असा झाला की, जीवनसत्त्वांनी मनोविकार बरे करण्याची भाषा काढणारा माणूस पुढे दोन-तीन दशके विद्वानांच्या सभेत संशयित ठरला, आणि दुसरीकडे औषधांच्या बाजारात हीच भाषा बिनदिक्कत चालू राहिली. जिथे चौकशी व्हायला हवी तिथे मौन, आणि जिथे संयम हवा तिथे जाहिरात, अशी ही विपरीत वाटणी रोग्यांना महागात पडली आहे.

या मौनातून विषय बाहेर काढणाऱ्यांत दोन महाराष्ट्रीय नावे ठळक आहेत. पुण्याचे जीवरसायनशास्त्रज्ञ प्रभाकर रांजेकर, आणि अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा येथील वैद्यकीय महाविद्यालयात संशोधन करणारे साहेबराव महाडिक, यांच्या गटाने विसाव्या शतकाच्या अखेरीपासून या रोगातील मेदाम्लांचा आणि ऑक्सिडीकरणाचा पद्धतशीर अभ्यास चालवला. पुण्यात त्यांना जी सोय लाभली ती पाश्चात्त्य देशांत दुर्मीळ होती: ज्यांना अद्याप मनोविकाराचे कोणतेही औषध मिळालेले नाही असे रोगी येथे उपचारासाठी येत. अशा रोग्यांच्या रक्ताची तपासणी करता आली म्हणजे, सापडलेला बिघाड रोगाचा की औषधांचा, या वादाचा बराचसा निकाल लागतो. पुण्याच्या गटाला अशा रोग्यांच्या तांबड्या पेशींच्या आवरणांत काही महत्त्वाची मेदाम्ले निरोगी माणसांपेक्षा कमी, आणि मेदाच्या ऑक्सिडीकरणाच्या खुणा अधिक आढळल्या.

येथवर पहिल्या प्रश्नाचे उत्तर झाले. दुसऱ्यासाठी अरविंदाक्षन, रांजेकर, महाडिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो उपचार योजला, तो माझ्या मते या सबंध विषयातील सर्वांत विचारपूर्वक योजलेल्या उपचारांपैकी एक आहे. पेशींच्या आवरणांत मेदाम्ले कमी पडली असतील तर ती माशाच्या तेलातून द्यावीत, हा विचार डेव्हिड हॉरोबिन यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी आधीच मांडलेला होता. पण ही मेदाम्ले स्वतःच ऑक्सिडीकरणाला बळी पडणारी असल्यामुळे नुसती देऊन भागत नाही, त्यांच्यासोबत त्यांचे संरक्षकही धाडले पाहिजेत, हे पुण्याच्या गटाने ओळखले. म्हणून ३३ रोग्यांना त्यांच्या चालू औषधांच्या जोडीला सकाळ-संध्याकाळ ओमेगा-३ वर्गातील इपीए १८० मिलिग्रॅम आणि डीएचए १२० मिलिग्रॅम, व त्यांबरोबर ई जीवनसत्त्व ४०० एकके आणि क जीवनसत्त्व ५०० मिलिग्रॅम, असे मिश्रण चार महिने देण्यात आले, आणि त्यानंतर ते थांबवून आणखी चार महिने रोग्यांवर लक्ष ठेवण्यात आले.

२००३ साली प्रसिद्ध झालेले त्याचे निष्कर्ष असे. रक्तपेशींतील मेदाम्ले वाढली, परंतु ऑक्सिडीकरण वाढले नाही. म्हणजे संरक्षक धाडण्याची योजना सफल झाली. रोगलक्षणांचे मोजमाप करणाऱ्या मापनपट्ट्यांवरील गुण घटले, आणि जीवनाचा दर्जा मोजणाऱ्या पट्टीवर सुधारणा दिसली. मिश्रण थांबवल्यावर चार महिन्यांत मेदाम्ले पूर्वीच्या पातळीवर उतरली; आणि तरीही रोग्यांची सुधारलेली अवस्था पुष्कळ अंशी टिकून राहिली. हे शेवटचे निरीक्षण वाचून आशावादी मनुष्य हर्षित होईल, आणि हर्षाचे कारणही त्यात असू शकेल. पण सावध वाचक थबकेल, कारण जे द्रव्य रक्तातून गेले त्याचा गुण जर राहिला, तर तो गुण त्या द्रव्याचाच होता कशावरून? या प्रयोगात निष्क्रिय गोळी घेणारा रोग्यांचा दुसरा गट नव्हता; तुलनेसाठी घेतलेली ४५ माणसे निरोगी होती. तेव्हा चार महिने नियमाने होणारी तपासणी, डॉक्टरांचे वाढलेले लक्ष, मुख्य औषधाचा हळूहळू चढत जाणारा गुण आणि रोगाचे स्वाभाविक चढउतार, यांतले काय आणि किती त्या सुधारणेत मिसळले होते, हे वेगळे काढण्याचे साधन या प्रयोगाजवळ नव्हते. तो पहिला पल्ला होता आणि त्या पल्ल्याचे काम त्याने चोख केले.

निष्क्रिय गोळीचा गट नागपूरच्या संशोधकांनी ठेवला. दाखले, खानझोडे, सावजी आदी मंडळींनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ४० रोगी चिठ्ठ्या टाकून २०-२० च्या दोन गटांत विभागले गेले; दोन्ही गटांचे मुख्य औषध चालू होते, आणि जोडीला एका गटाला रोज ५०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, तर दुसऱ्याला तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी आठ आठवडे देण्यात आली. क जीवनसत्त्व घेणाऱ्यांच्या रक्तात मेदाच्या ऑक्सिडीकरणाची खूण समजले जाणारे मॅलॉनडायअल्डिहाइड कमी झाले, आणि त्यांच्या लक्षणांतील सुधारणाही दुसऱ्या गटाहून अधिक भरली. जे औषध कोणत्याही तालुक्याच्या गावी चार पैशांत मिळते, ज्याच्या मक्तेदारीचा कोणाला दावा करता येत नाही, त्याची अशी रीतसर परीक्षा सरकारी रुग्णालयांच्या एका शहरात व्हावी, याचा मला अभिमान वाटतो. आणि त्याच अभिमानापोटी हेही म्हटले पाहिजे की, २० विरुद्ध २० रोगी आणि आठ आठवडे, एवढ्या भांडवलावर आजन्म चालणाऱ्या व्याधीविषयी कौल देता येत नाही.

युरोपात हाच धागा स्वित्झर्लंडच्या लोझान शहरातील किम दो आणि मिशेल क्युनो यांनी वेगळ्या टोकाने उचलला. २००० साली त्यांनी असे दाखवले की, औषध न घेणाऱ्या रोग्यांच्या मेंदूभोवतीच्या द्रवात ग्लुटाथायोनचे प्रमाण निरोगी माणसांपेक्षा २७ टक्क्यांनी, आणि मेंदूच्या अग्रभागातील एका क्षेत्रात तर ५२ टक्क्यांनी कमी आहे. ग्लुटाथायोन तोंडाने घेऊन मेंदूपर्यंत नीट पोहोचत नाही. पण ज्या सिस्टीनपासून शरीर ते घडवते त्याचा पुरवठा एन-ॲसिटिल सिस्टीनमधून होतो, आणि हे द्रव्य तर वैद्यकाच्या जुन्या ओळखीचे. छातीत साठलेला कफ पातळ करण्यासाठी ते अनेक दशके दिले जाते, आणि पॅरासिटामॉलची विषबाधा झालेल्या माणसाचे यकृत वाचवण्यासाठी त्यासारखा दुसरा उतारा नाही. त्यास एकच खोड आहे, ती म्हणजे कुजक्या अंड्यासारखा गंधकाचा वास. आणि ही खोड क्षुल्लक नव्हे, कारण कोणाला खरी गोळी मिळाली हे वासावरून ओळखू आले तर परीक्षेची गुप्तता तिथेच संपुष्टात येते.

मेलबर्नचे मायकेल बर्क यांनी लोझानच्या सहकार्याने १४० रोग्यांवर केलेला प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. रोज २ ग्रॅम एन-ॲसिटिल सिस्टीन २४ आठवडे घेणाऱ्या गटाचे लक्षणांच्या मापनपट्टीवरील गुण निष्क्रिय गोळी घेणाऱ्या गटापेक्षा सुमारे सहाने अधिक घटले, आणि ज्या ऋण लक्षणांपुढे इतर औषधे हतबल होतात त्यांतही थोडी सुधारणा दिसली. ही पट्टी ३० लक्षणांची असून तिच्यावर ३० पासून २१० पर्यंत गुण पडू शकतात, हे सांगितले म्हणजे सहा गुणांची किंमत वाचकाला स्वतःच करता येईल: ती शून्य नाही, आणि ती मोठीही नाही. औषध थांबवल्यावर चार आठवड्यांनी दोन्ही गट पुन्हा सारखे झाले. इथे पुण्याच्या निष्कर्षाशी असलेला विरोध लक्षात येतो. पण मला तर हा विरोधच मेलबर्नच्या बाजूने साक्ष देणारा वाटतो, कारण औषधाबरोबर येणारा आणि औषधाबरोबर जाणारा गुण हा औषधाचा असण्याचा संभव अधिक.

इराणमध्ये हेच द्रव्य देऊन ४२ रोग्यांवर आठ आठवडे केलेल्या एका प्रयोगानेही २०१३ साली अनुकूल कौल दिला. त्यानंतर मात्र चित्र धूसर झाले. लोझान आणि बॉस्टन येथे रोगाच्या पहिल्या काही वर्षांत असलेल्या ६३ तरुणांना सहा महिने रोज २.७ ग्रॅम दिल्यानंतर २०१८ साली जे जाहीर झाले ते असे की, मेंदूतील ग्लुटाथायोन २३ टक्क्यांनी वाढले, माहिती ग्रहण करण्याचा वेग थोडा सुधारला, पण ऋण लक्षणे होती तशीच राहिली. क्लोझापीननेही पुरता गुण न आलेल्या रोग्यांवर ऑस्ट्रेलियात वर्षभर चाललेल्या प्रयोगातही ऋण लक्षणांवर लाभ दिसून आला नाही. जे द्रव्य पोहोचायला हवे तिथे पोहोचते, जे घडवायला हवे ते घडवते, आणि तरीही मुलगा अंथरुणातून उठत नाही, ही वस्तुस्थिती पहिल्या आणि दुसऱ्या प्रश्नांतील अंतर जितके दाखवते तितके कोणताही युक्तिवाद दाखवू शकणार नाही.

अल्पकाळात आणि अल्पसंख्य रोग्यांत दिसलेला गुण दीर्घकाळाच्या परीक्षेत विरून जातो, याचा आणखी एक दाखला याच रोगाच्या परिसरात आहे. जुन्या औषधांच्या दीर्घ सेवनाने काही रोग्यांच्या ओठांच्या, जिभेच्या, जबड्याच्या हालचाली त्यांच्या इच्छेवाचून होत राहतात. रोग्याला चारचौघांत बसणे नकोसे व्हावे असा हा उपद्रव असतो. त्यावर ई जीवनसत्त्वाचा गुण येतो असे काही लहान प्रयोगांनी दाखवले होते आणि पुष्कळ डॉक्टर ते लिहूनही देत. अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी नऊ ठिकाणी मिळून १५८ रोग्यांना दोन वर्षांपर्यंत रोज १६०० एकके ई जीवनसत्त्व किंवा निष्क्रिय गोळी दिली, आणि १९९९ साली निकाल आला: फरक नाही.

जीवनसत्त्वच ते, गुण आला नाही तरी अपाय काय होणार, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी फिनलंडचा १९९४ चा निकाल वाचावा. तेथे २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर केलेल्या प्रयोगात बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण घटण्याऐवजी १८ टक्क्यांनी वाढले. आणि स्किझोफ्रेनियाच्या रोग्यांत धूम्रपान फार आढळते हे ध्यानात घेता हा निकाल परका म्हणून सोडून देता येत नाही. याहूनही जवळचा इशारा नॉर्वेतून आला. तेथील रुग्णालयांत दाखल झालेल्या १८ ते ३९ वर्षे वयाच्या ९९ रोग्यांवर १६ आठवडे झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात इपीए हे मेदाम्ल, आणि क व ई जीवनसत्त्वे, ही स्वतंत्रपणेही दिली गेली आणि एकत्रही. ज्या रोग्यांच्या रक्तपेशींत मुळातच मेदाम्ले कमी होती, त्यांना नुसते इपीए दिले तेव्हा मनोविकृतीची लक्षणे वाढली. नुसती जीवनसत्त्वे दिली तेव्हाही वाढली, विशेषतः आपला कोणी छळ करीत आहे हा भ्रम. आणि दोन्ही एकत्र दिली तेव्हा तो अपाय झाला नाही, पण लाभही झाला नाही. ज्यांच्या रक्तपेशींत मेदाम्ले भरपूर होती त्यांच्यावर कशाचाच परिणाम दिसला नाही. मेदाम्लांसोबत संरक्षक पाठवण्याचा पुण्याचा विचार निदान निरुपद्रवीपणाच्या कसोटीस इथे उतरला असे म्हणता येईल; परंतु सगळ्या रोग्यांना एकाच मापाने मोजू नये, हा त्याहून मोलाचा धडा नॉर्वेने दिला, आणि त्याकडे जितके लक्ष जायला हवे होते तितके गेलेले नाही.

या सगळ्यांची एकत्रित जमाखर्चाची वही कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६ साली मांडली. जगभरातून निकषांस उतरलेले प्रयोग २२ भरले आणि त्यांतील रोगी मिळून २०४१. बहुतेक प्रयोग आठ आठवड्यांच्या आसपास आटोपलेले. रोग्याच्या अवस्थेत लक्षणीय म्हणावा असा पालट झाला की नाही, हा साधा प्रश्न स्पष्टपणे विचारून त्याचे उत्तर नोंदवणारे प्रयोग २२ पैकी अवघे तीन होते. बाकीच्यांनी मापनपट्टीवरील सरासरी गुण दिले. पण रोगी पुन्हा कामावर रुजू झाला काय, त्याला पुन्हा रुग्णालयात दाखल करावे लागले काय, घरच्यांना त्याच्यात फरक जाणवला काय, यांविषयी दप्तर जवळजवळ कोरेच आहे. पुराव्याचा दर्जा हलका असल्याचा शेरा मारून समीक्षकांनी मोठ्या आणि दीर्घ मुदतीच्या प्रयोगांची गरज नोंदवली.

असे प्रयोग का झाले नाहीत, याचे कारण अर्थकारणात आहे. नव्या औषधाच्या परीक्षेला कंपनी पैसा पुरवते, कारण पेटंटाच्या मुदतीत तो वसूल होतो. क जीवनसत्त्वाचे किंवा एन-ॲसिटिल सिस्टीनचे पेटंट कोणाचेच नाही, म्हणून त्याच्या परीक्षेचा खर्च उचलण्यात कोणाचाच लाभ नाही. दुसऱ्या बाजूस, हीच द्रव्ये आहारपूरक म्हणून आकर्षक डब्यांत घालून विकणाऱ्यांना परीक्षेवाचूनच गिऱ्हाईक मिळते, आणि परीक्षेचा निकाल विरुद्ध जाण्याची जोखीम पत्करण्याचे त्यांना प्रयोजन नसते. या दोहोंच्या मध्ये सापडतो तो मिळकतीतला मोठा हिस्सा औषधांवर घालणारा बाप. आणि त्याच्यापाशी जर डब्यातल्या गोळीसाठी पैसे असतील पण मुख्य औषधासाठी उरत नसतील, तर होणारा अनर्थ सांगायला नको. म्हणून आज जे निश्चित आहे ते इथे निःसंदिग्ध शब्दांत लिहितो: मुख्य औषध कोणत्याही जोडीच्या गोळीच्या भरवशावर कमी करू नये वा थांबवू नये, घरी जे काही दिले जाते, अर्क असो वा जीवनसत्त्व, ते डॉक्टरांना सांगावे, आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्या रोग्याला गिंकोचा अर्क डॉक्टरांना विचारल्यावाचून मुळीच देऊ नये, कारण रक्तस्रावाचा धोका असतो.

राहिला प्रश्न परीक्षेचा. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे सरकारी मनोरुग्णालये आहेत, वैद्यकीय महाविद्यालयांचे मानसोपचार विभाग आहेत, आणि रक्तपेशींतील मेदाम्ले व मॅलॉनडायअल्डिहाइड मोजण्याचे कसब येथल्या प्रयोगशाळांनी २० वर्षांपूर्वीच हस्तगत केलेले आहे. जोडीच्या औषधाच्या परीक्षेत नैतिक अडचणही तुलनेने थोडी, कारण दोन्ही गटांना मुख्य औषध मिळतच राहते आणि उपचारापासून कोणी वंचित होत नाही. रोग्याची संमती ही त्याची स्वतःची असावी, समजावून घेतलेली असावी, आणि ती कोणत्याही क्षणी मागे घेण्याची त्याला मुभा असावी, एवढे कटाक्षाने पाळले पाहिजे. मग काही शे रोगी, किमान एक वर्षाची मुदत, आरंभीच रक्त तपासून मेदाम्ले कमी असणारे आणि भरपूर असणारे असे पाडलेले दोन वर्ग, वासावरून ओळखू येणार नाहीत अशा निष्क्रिय गोळ्या, आणि गुणांच्या पट्टीसोबत घरच्यांना विचारायचे साधे प्रश्न, अशी तजवीज सरकारी निधीतून होऊ शकते. तो खर्च एखाद्या नव्या औषधाच्या परीक्षेच्या मानाने किरकोळ ठरेल. भारतात २००९ च्या जूनपासून अशा प्रत्येक चाचणीची नोंद ती सुरू होण्यापूर्वी राष्ट्रीय नोंदवहीत करणे सक्तीचे झाले आहे, त्यामुळे काय मोजायचे हे आधीच जाहीर होईल, आणि निकाल प्रतिकूल लागला तरी असा प्रयोग झालाच नव्हता असे कोणाला म्हणता येणार नाही.